डिझेल गाडीत पेट्रोल गेलं, टाकी धुतली, तरी गाडी पुन्हा बंद पडते

गणपतीच्या आधीचा आठवडा आणि मे महिना. या दोन हंगामांत हातखंबा ते राजापूर पट्ट्यातल्या बहुतेक गॅरेजांत चुकीचं इंधन भरलेली एखादी गाडी उभी असतेच. त्यातल्या बऱ्याच पहिल्यांदा आलेल्या नसतात. आधी कुठेतरी टाकी रिकामी केलेली असते, नवं डिझेल भरलेलं असतं, गाडी काही दिवस बरी पळालेली असते. मग एका सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, पण इंजिन काही पकडत नाही. मालक म्हणतो, "पेट्रोल तर तेव्हाच काढलं होतं, हे काहीतरी दुसरं असणार." दुसरं काही नसतं, ते पहिलंच अर्धवट राहिलेलं असतं.

ते का राहतं हेच मुख्यतः लिहायचं आहे. पण आत्ता पंपावर उभं राहून कोणी हे वाचत असेल, तर त्याच्यासाठी आधी थोडं.

अजून गाडी सुरू केली नसेल तर

करू नका. एसीसाठी नको, काच खाली घ्यायला नको, "बघू तरी चालू होते का" म्हणून तर अजिबात नको. बऱ्याच गाड्यांत इग्निशन नुसतं ऑन केलं तरी टाकीतला पंप फिरतो आणि टाकीतलं मिश्रण फिल्टरपर्यंत, पुढे इंजिनाजवळच्या मोठ्या दाबाच्या पंपापर्यंत नेऊन पोचवतो. टाकीत आहे तोवर काम टाकी आणि फिल्टरवर भागतं, खर्च हजारांत राहतो. पुढे गेलं की हिशोब बदलतो.

मागे रांग लागलेली असते, हॉर्न वाजत असतात, पंपावरचा पोरगा म्हणतो, "साहेब, जरा पुढे घ्या." घ्यायची, पण ढकलून. चावीच्या गाडीत चावी एकच टप्पा फिरवा, स्टेअरिंगचं लॉक तेवढ्यावर सुटतं. दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ऑनवर जाऊ नका. बटणाच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदाच दाबलं की तोच पहिला टप्पा मिळतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअरच्या दांड्याशेजारी बहुधा नखाएवढं झाकण असतं. ते उचकटून आतल्या खाचेत पेचकस दाबला की दांडा न्यूट्रलला सरकतो. त्याआधी हँडब्रेक ओढा. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक लागतो आणि स्टेअरिंगही जड होतं, म्हणून उतारावरच्या पंपावर चाकाखाली दगड लावायला एक माणूस हाताशी ठेवा. आपल्याकडे सपाटीवरचे पंप तसेही कमीच.

तिथून गॅरेजपर्यंत टोचन. ऑटोमॅटिक गाडीला दोर लावून ओढू नका, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवा. विम्यासोबत किंवा कंपनीकडून रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर आधी तो नंबर लावा. चुकीचं इंधन काढून द्यायची सोय काहींच्या यादीत असते, गाडी उचलून नेण्याची तर बहुतेकांकडे असते.

ही चूक आपल्याकडे इतकी का होते

पूर्वी गाडीचं नाव घेतलं की इंधन कळायचं. बोलेरो म्हटली की डिझेल, विषय संपला. आता थार, स्कॉर्पिओ-एन, क्रेटा, सेल्टॉस, नेक्सॉन, सगळ्या दोन्हींत मिळतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. त्यात मारुतीने एप्रिल २०२० पासून, बीएस-६ हा प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला तेव्हा, डिझेल इंजिन बंद केलं. त्यामुळे नवी डिझायर किंवा अर्टिगा ही पेट्रोल नाहीतर सीएनजी, आणि २०२० पूर्वीची त्याच नावाची गाडी डिझेल असू शकते. पंपावरच्या नव्या पोराला अर्टिगा म्हणजे पेट्रोल एवढंच माहीत असतं. मुंबईहून भावाची गाडी घेऊन आलेल्या चाकरमान्याला तेवढंही ठाऊक नसतं.

दुसरं कारण पाऊस. सप्टेंबरात वडखळपासून सावंतवाडीपर्यंत पाऊस धो धो कोसळत असतो. काच दोन बोटं खाली करून आतून आवाज येतो, "दोन हजारचं टाक." पत्र्यावर पावसाचा मारा चाललेला, जनरेटर धडधडतोय, पोराला फक्त 'दोन हजार' ऐकू येतं. खाली उतरून, छत्री धरून, झाकणाशी उभं राहून "डिझेल" असं मोठ्याने बोललात तर निम्मं काम झालं. झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक देवनागरीत "फक्त डिझेल" असं लिहून चिकटवा. कंपनीचं बारीक इंग्रजी स्टिकर अंधारात कोणी वाचत नाही.

तिसरं, "पॉवर टाक" किंवा "स्पीड टाक". ही महागड्या पेट्रोलची नावं आहेत, डिझेल गाडीला जादा ताकद देणारं औषध नव्हे. एक्सपी९५ हेही पेट्रोलच. आणि नोझल आत गेलं म्हणजे इंधन बरोबर, असं समजू नका. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, डिझेल गाडीच्या तोंडात ते सहज जातं.

पावतीवर नजर टाकायची सवय हवी. त्यावर पेट्रोल किंवा डिझेल असं लिहिलेलं असेलच असं नाही. एमएस म्हणजे मोटर स्पिरिट, अर्थात पेट्रोल. एचएसडी म्हणजे हाय स्पीड डिझेल. आणि लिटरचा भाव पाहिला तरी कळतं, दोन्हींत चांगला फरक असतो. पंपावरून निघायच्या आधी ही दोन अक्षरं वाचली तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

"वरून डिझेल टाका, मिक्स होऊन जाईल"

हा सल्ला देणारा माणूस प्रत्येक पंपावर भेटतो. बहुधा वयाने मोठा असतो आणि त्याच्या काळापुरतं त्याचं बरोबरही असतं. जुन्या जीपा, टेम्पो, बंदरातल्या ट्रॉलरची इंजिनं, यांत इंधन दाबाने पाठवणारे बरेच पंप असे होते की त्यांना वंगण इंजिन ऑइलचं मिळायचं. दाबही कमी. थोडं पेट्रोल किंवा रॉकेल गेलं तर इंजिन खडखडायचं, धूर काढायचं आणि चालत राहायचं.

आताच्या डिझेल गाड्या कॉमन रेलच्या, म्हणजे पंप एका सामाईक नळीत (रेलमध्ये) दाबाने डिझेल भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. अशा गाडीत इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण असतं ते खुद्द डिझेलचंच. वेगळं ऑइल तिथे पोचत नाही. पेट्रोलमध्ये तो चिकटपणा नाही, उलट ते होतं ते वंगण धुऊन काढतं. मग आतला धातू धातूवर घासतो आणि त्याचा बारीक चुरा सुटतो. वरून डिझेल ओतलं तर मिश्रण पातळ होतं एवढंच. कुठल्या प्रमाणाला पंप टिकेल हे सांगणारा काटा गाडीत नाही. "दोनच लिटर गेलंय हो" असं सगळेच म्हणतात. कॉमन रेल गाडीसाठी माझं उत्तर एकच, काढायचं.

लक्षणं, आणि फसवणारी पहिली काही मिनिटं

पंपावरून निघालेली गाडी लगेच बंद पडत नाही. फिल्टरमध्ये आणि पाइपमध्ये जुनं चांगलं डिझेल उरलेलं असतं, त्यावर ती थोडी धावते. म्हणूनच बरेच जण छातीठोक सांगतात, "पंपाचा संबंध नाही, तिथून नीट निघाली होती." मग इंजिनाचा आवाज बदलतो, कोरडा टणटण वाजायला लागतो. चढाला गाडी दम धरत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, धूर येतो, शेवटी बंद. कुडाळकडचं गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "गाडी रेस घेणा नाय, पांढरो धूर सोडता." तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा, शेवटचं डिझेल कुठे आणि कधी भरलं?

आवाज बदलल्या क्षणी बाजूला घेऊन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत नेतो" म्हणून परशुराम घाट चढवलेली गाडी आणि जागीच थांबवलेली गाडी, यांच्या बिलांत फार मोठं अंतर पडतं.

टाकी धुतली, तरी पुन्हा तेच: खरं दुखणं इथे आहे

रस्त्याकडेच्या घाईच्या कामात साधारण असं होतं. टाकीतलं जमेल तेवढं काढतात, दहा लिटर डिझेल टाकतात, हवा काढतात, सेल्फ मारतात. गाडी चालू होते, धूर थोड्या वेळाने निवळतो, सगळे खूश. यात तीन गोष्टी राहून जातात.

पहिली, टाकी पूर्ण रिकामी होत नाही. भरायच्या तोंडातून नळी आत जात नाही, कारण बहुतेक गाड्यांत तिथे जाळी किंवा पडदा असतो. मागच्या सीटखालचं झाकण उघडून काढावं लागतं, नाहीतर टाकी खाली उतरवावी लागते. फोर बाय फोर गाडीत काही वेळा टाकी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते. एक कप्पा रिकामा केला तरी दुसऱ्यात माल तसाच राहतो. गाडी वळणावर कलली की तो इकडे येतो.

दुसरी, फिल्टर. "गेल्याच सर्व्हिसला नवा घातलाय" हे कारण चालणार नाही. पेट्रोल गेलेल्या डिझेल गाडीचा फिल्टर बदलायचाच. पण जुना फेकू नका, त्याच्यातच निदान आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, चुरा. जुना फिल्टर काढला की त्यातलं इंधन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ताटलीत ओता. उन्हात धरा, पावसाळ्यात मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. ताटली हळूच हलवली की तळाशी चांदीच्या भुकटीसारखी चमक सरकताना दिसते का? एक लोहचुंबक पातळ पिशवीत गुंडाळून ताटलीत फिरवा. पिशवीला राखाडी केसासारखे कण चिकटले तर पंप आतून खरडला गेला आहे. फिल्टर स्वच्छ निघाला तरी लगेच हुश्श करू नका. पंपात तयार झालेला चुरा पुढे रेलकडे जातो आणि जादा इंधनासोबत रिटर्न पाइपने टाकीत परततो, फिल्टरला तो दुसऱ्या फेरीत भेटतो. म्हणून पंपाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह काढून त्याची जाळीही बघायची. ती चमकत असेल तर शंका उरत नाही.

पुन्हा पुन्हा बंद पडणाऱ्या गाडीचं उत्तर हेच आहे. टाकीतलं पेट्रोल गेलं, पण रिटर्न लाइनमध्ये आणि टाकीच्या तळाशी चुरा राहिला. नवं डिझेल तोच चुरा घेऊन फिरतं, इंजेक्टरच्या सुईला घासतं. सुई नीट बसेनाशी झाली की इंधन रिटर्नला गळतं, रेलमध्ये सुरू होण्यापुरता दाब जमत नाही आणि सकाळी थंड गाडी पकडत नाही. काही जण अशा वेळी फक्त इंजेक्टर बदलतात, काही फक्त पंप. दोन्ही अर्धवट. नवे इंजेक्टर जुन्या चुऱ्याने पुन्हा जातात, आणि मालकाला वाटतं सुटा भाग डुप्लिकेट मिळाला.

तपासायची पद्धत फार अवघड नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या मापाची छोटी बाटली लावतात आणि इंजिन ठरावीक वेळ चालवतात किंवा सेल्फ मारतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरली तर तो इंजेक्टर गळतो आहे. सोबत स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलचा दाब किती चढतो ते बघायचं. मेकॅनिकने हे दोन्ही न करता "पंप बदलावा लागेल" म्हटलं, तर आधी बाटल्या लावायला सांगा. आणि सगळं तपासून त्याने "पंप, रेल, इंजेक्टर, पाइप एकत्र करू, टाकी उतरवून धुऊ" म्हटलं, तर तो लुटतो आहे असं धरून चालू नका. खर्च लाखाच्या घरात जातो, ऐकायला कडू लागतो, पण चुरा सापडल्यावर सुटं सुटं करत गेलात तर तेवढेच पैसे हप्त्याने जातात आणि गाडी महिनोन्‌महिने दारात.

चुरा नाही, गळती सारखी, दाब नीट चढतो? मग टाकी उतरवून धुणं, लाइन फुंकून ताज्या डिझेलने धुणं, नवा फिल्टर, प्रायमरने (हातपंपाने) हवा काढणं आणि स्कॅनरने दोषाचे कोड पुसणं एवढ्यावर भागतं. पुढे हजारभर किलोमीटरनंतर फिल्टर एकदा पुन्हा उघडून ताटलीत ओता. दुसऱ्यांदाही स्वच्छ निघाला तर विषय संपला.

उलटं झालं, पेट्रोल गाडीत डिझेल

हे तुलनेने स्वस्तात सुटतं. डिझेलची सहज वाफ होत नाही, ठिणगीने ते नीट पेटत नाही. गाडी मिसिंग करते, झटके देते, दाट पांढरट धूर आणि डिझेलचा वास येतो, मग बंद. टाकी आणि लाइन धुवायची, प्लग काढून साफ करायचे किंवा बदलायचे. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पातळी वाढलेली असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर ऑइल बदला, न जळलेलं डिझेल पिस्टनच्या बाजूने खाली उतरलेलं असतं. पुष्कळ वेळ सेल्फ मारत बसलात तर कच्चं इंधन सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, तो भाग महाग आहे. दुरुस्तीनंतर थोडा वेळ धूर येणारच. मिसिंग मात्र राहिलं तर आधी प्लग.

सीएनजी गाडीवाल्यांची गंमत वेगळी. गॅसवर चालताना पेट्रोलच्या टाकीत काय आहे हे कळतच नाही. पनवेलला चुकून डिझेल गेलं, गॅस संपला माणगावच्या पुढे, आणि गाडी तिथे पेट्रोलवर गेल्यावर बंद. मालक गॅस किटला शिव्या देत बसतो.

चुकीचं इंधन की पाणी?

पावसाळ्यात हा घोळ हमखास होतो. काचेच्या बाटलीत नमुना काढून अर्धा तास ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. पेट्रोल आणि डिझेल मात्र एकमेकांत पूर्ण विरघळतात, कितीही वेळ ठेवा, थर दिसणार नाही. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि टाकीतला पंप खेचतो तो तळातूनच. जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्यांचंही आधी हेच बघावं लागलं होतं.

पेट्रोलमध्ये डिझेल आहे का, यासाठी पंपावर फिल्टर पेपर मागा, तो ठेवणं पंपाला बंधनकारक आहे. एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. डिझेल असेल तर तेलकट गोल उरतो. डिझेलमध्ये पेट्रोल असेल तर घनता बघायची. १५ अंशांना डिझेल साधारण ८२० ते ८४५ आणि पेट्रोल ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर, मिश्रण मध्ये कुठेतरी येतं. घनतामापक आणि थर्मामीटर पंपावरच असतो.

नव्या डिझेल गाड्यांत अजून एक निळं झाकण आलंय, डीईएफचं, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाचं, ज्याला लोक ॲडब्लू म्हणतात. ते म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर युरियाचे खडे होतात आणि धातू गंजतो. इथेही नियम तोच, सुरू करायची नाही.

काढलेलं मिश्रण

तोंडाने नळी ओढून काढू नका. पेट्रोल छातीत गेलं तर थेट दवाखाना. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं की ते पेट्रोलसारखंच भडकतं, म्हणून मागीलदारी चूल, न्हाणीघराचा बंब, विडी यांपासून लांब, उघड्यावर, झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा. आणि अंगणात ओतू नका. जांभा दगड सच्छिद्र, ओतलेलं सगळं जिरतं आणि विहीर दहा पावलांवर असते.

पैसे कोण देणार

तुम्ही "डिझेल" सांगितलं आणि पोराने पेट्रोल भरलं, तर त्या क्षणी पावतीचा, मशीनवरच्या आकड्यांचा आणि नोझलचा फोटो काढा. मॅनेजरकडून तक्रारवहीत नोंद करून घ्या, सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवायला लेखी सांगा. बरेच मालक तिथल्या तिथे टाकी धुण्याचा खर्च देतात. तोंडी "बघून घेऊ" वर मात्र निघू नका, कारण गाडीतला पंप गेल्याचं कळतं ते नंतर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, तरी ॲड-ऑनची यादी एकदा वाचा.

आणि गॅरेजमधून निघताना जुना फिल्टर, काढलेला पंप, इंजेक्टर आणि टाकीतल्या मिश्रणाची एक काचेची सीलबंद बाटली मागून घ्या. बाटलीवर तारीख, गाडीचा नंबर आणि मेकॅनिकची सही हवी. बाटली घरात नको, बाहेरच्या पडवीत सावलीला ठेवा.